शपथेत देव हवाच का?

रातपाळी (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. मी आधी जिल्हा रुग्णालयात अधिपरिचारिका होते, मग परिसेविका झाले, आता एका नर्सिंग कॉलेजात शिकवते. पुढच्या महिन्यात पहिल्या वर्षाचा शपथविधी आहे. पांढरा गणवेश, हातात पणती, समोर पालक, आणि सगळ्यांनी एका सुरात म्हणायची ‘नाइटिंगेल प्लेज’. तिची सुरुवातच ‘परमेश्वराला साक्षी ठेवून आणि या सभेसमोर’ अशी आहे. तालमीनंतर एक मुलगी मागे थांबली. म्हणाली, “मॅडम, मी देव मानत नाही. कामाची सुरुवातच खोटं बोलून करू का?”

तिच्यापुरता प्रश्न सोडवणं अवघड नाही. पण मी तो स्टाफरूममध्ये सांगितला आणि तिथे जुंपली. एक मॅडम म्हणाल्या, देवच नसेल तर परक्या माणसाचं हगणं-मुतणं काढायचं बळ रोज आणणार कुठून? दुसऱ्या म्हणाल्या, देव मध्ये आला की पगार मागायची सोय राहत नाही, म्हणूनच तो शपथेत ठेवलाय. मला दोघींचंही अर्धं अर्धं पटलं, म्हणून हा धागा.

थोडी माहिती आधीच देते, म्हणजे तेच ते प्रश्न येणार नाहीत. ही शपथ आधुनिक नर्सिंगचा पाया घालणाऱ्या फ्लोरेन्स नाइटिंगेलबाईंनी लिहिलेली नाही. ती १८९३ साली अमेरिकेत डेट्रॉइटला लिस्ट्रा ग्रेटर आणि त्यांच्या समितीने तयार केली. बाईंचं फक्त नाव दिलं. आता बाई स्वतः कशा होत्या? कट्टर श्रद्धाळू. १८३७ साली देवाने आपल्याला कामासाठी बोलावलं असं त्यांनी लिहून ठेवलंय. पुढे जर्मनीत कैसर्सवर्थला प्रॉटेस्टंट डिकोनेस (चर्चच्या वतीने सेवेला वाहून घेतलेल्या) बायकांच्या संस्थेत त्या शिकल्या. पण १८६० साली लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात नर्सिंगची शाळा काढली ती कुठल्याही चर्चच्या ताब्यात दिली नाही. १८५४ ला क्रिमियाच्या युद्धात ३८ जणींना घेऊन गेल्या, त्यात कॅथलिक नन्स होत्या, अँग्लिकन सिस्टर्स होत्या आणि साध्या पगारी नर्सेसही होत्या. स्वच्छतेचे आणि रोगांचे नियम हे देवाचेच नियम, ते आकडे मांडून शोधायचे असतात, अशी त्यांची धारणा होती. म्हणजे मृत्यूचे तक्ते काढणं हीच त्यांची भक्ती. अशा बाईला धार्मिक म्हणायचं की सेक्युलर?

अनुभवातून लिहा. व्हॉट्सॅपवरचं चिकटवू नका.

लंबर_लागला

रुमाल टाकून ठेवतो. सवडीने वाचतो.

तर्कटराव

यात वाद काय आहे तेच कळलं नाही. राज्यघटनेच्या तिसऱ्या अनुसूचीत मंत्री-खासदारांना दोन पर्याय दिलेले आहेत. ईश्वरसाक्ष शपथ घ्या, नाहीतर गांभीर्यपूर्वक प्रतिज्ञा करा. देश चालवायला जे पुरतं ते बेडपॅन द्यायला पुरणार नाही का?

नर्सिंग हे शास्त्र आहे. जंतू हात धुतल्याने जातात, हात जोडल्याने नाही. तुमच्याच विषयातल्या व्हर्जिनिया हेंडरसनबाईंनी कामाची व्याख्या केलीय: अंगात ताकद, मनात इच्छा आणि डोक्यात माहिती असती तर रुग्णाने जे स्वतः केलं असतं, त्यात त्याला मदत करायची, आणि तीही तो लवकरात लवकर स्वतःच्या पायावर उभा राहील अशी. यात देवाला जागा कुठे आहे?

मार्थाची_नात

तर्कटराव, व्याख्या छान आहे. आता आमच्या भागाचं सांगते. मिरजेला डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी १८९४ साली मिशनचं हॉस्पिटल उभं केलं. त्या काळी परजातीच्या माणसाचा पू पुसायला घरंदाज म्हणवणाऱ्या घरांतून कोण येत होतं? बाळाची नाळ कापायचं काम कोणत्या वस्तीतल्या बायकांच्या गळ्यात होतं, ते इथे सगळ्यांना माहीत आहे. त्या काळात शिकून नर्स व्हायला पुढे आल्या त्यांत आमच्यासारख्या ख्रिस्ती घरांतल्या मुली खूप होत्या. माझी आजी, मग आई, मग मी.

आजी ड्यूटी सुरू व्हायच्या आधी वॉर्डात उभं राहून मोठ्याने प्रार्थना म्हणायची. मी मनातल्या मनात म्हणते. पेशंटला कळत नाही, कळायचं कारणही नाही. पण रात्री तीन वाजता तोच पेशंट पुन्हा चादर ओली करतो आणि वर मलाच शिव्या घालतो, तेव्हा प्रभूने शिष्यांचे पाय धुतले होते हे मला आठवतं. तुम्हाला तेव्हा हेंडरसनबाई आठवत असतील तर उत्तम. चादर बदलली गेली म्हणजे झालं.

एक गोष्ट मात्र मलाही पटत नाही. जुन्या मिशन दवाखान्यांत रांगेत बसलेल्यांना आधी प्रवचन ऐकवायची पद्धत होती. आजारी माणूस उठून जाऊ शकत नाही. त्याला काही ऐकवायचं असेल तर आधी त्याने विचारलं पाहिजे.

वैद्यबुवा

चरकसंहितेत सूत्रस्थानाच्या नवव्या अध्यायात चिकित्सेचे चार पाय सांगितलेत: वैद्य, औषध, परिचारक, रोगी. परिचारकाचे गुण चार. उपचारांचं ज्ञान, दक्षता, रुग्णाबद्दल अनुराग आणि शुचिता. आपल्याकडे हे सगळं आधीच होतं, एवढंच नमूद करतो.

मुळामुठा

बुवा, ग्रंथात होतं हे खरं. पण १८९७ च्या प्लेगात पुण्यात त्यातलं काय दिसलं? दवाखान्यात भलत्या जातीच्या शेजारी झोपावं लागेल म्हणून लोकांनी आजारी माणसं घरात लपवली. त्यात सरकारी तपासणीच्या जुलमाची भीतीही होती, ते मान्य. टिळकांनी हिंदूंसाठी वेगळं प्लेग हॉस्पिटल काढलं तेही लोक सरकारी इस्पितळात जायला घाबरत होते म्हणूनच.

त्याच वेळी सावित्रीबाई काय करत होत्या? मुलगा डॉ. यशवंत यांना बोलावून घेऊन त्यांनी शहराबाहेर ससाणे मळ्यात दवाखाना सुरू केला. मुंढव्याच्या गायकवाडांच्या मुलाला प्लेगची गाठ आलेली, त्याला पाठीवर घालून दवाखान्यात आणलं. त्यात त्यांनाच लागण झाली आणि १० मार्च १८९७ ला त्या गेल्या. त्या सत्यशोधक होत्या. निर्मिक (जगाचा निर्माता) मानायच्या, पण पुरोहित नाही, ग्रंथ नाही, मोक्षाचा हिशेब नाही. धागाकर्तीच्या दोन खणांत त्यांना कुठे बसवायचं?

पुढे १९०९ साली पुण्यात सेवासदन निघालं. रमाबाई रानडे यांच्या पुढाकाराने तिथून बायका नर्सिंग शिकायला ससूनमध्ये जाऊ लागल्या, त्यात विधवा बऱ्याच. रमाबाई पूजाअर्चा करणाऱ्या. पण विधवेने स्वतःच्या पायावर उभं राहायचं हा त्यामागचा हिशेब पूर्ण ऐहिक होता.

जेतवन

जय भीम. वैद्यबुवांनी चरक आणले, मी विनयपिटकातला, म्हणजे भिक्षूंच्या नियमांच्या पाली ग्रंथातला, महावग्ग आणतो. एका भिक्षूला हगवण लागलेली, तो स्वतःच्याच घाणीत पडलेला. इतर भिक्षू त्याच्याकडे बघत नव्हते, कारण तो त्यांच्या काही उपयोगाचा नव्हता. भगवान बुद्धांनी आनंदाला पाणी आणायला लावलं, दोघांनी मिळून त्याला धुतलं, उचलून मंचकावर ठेवलं. मग संघाला सांगितलं की तुम्हाला इथे आई नाही, बाप नाही, एकमेकांची शुश्रूषा तुम्ही नाही केलीत तर कोण करणार?

आणि चांगल्या शुश्रूषकाची पाच लक्षणं दिलीत. औषध नीट तयार करता येणं. काय पथ्य आणि काय कुपथ्य हे कळणं. लाभासाठी नाही तर मैत्रीभावाने करणं. मल, मूत्र, थुंकी, ओकारी काढायला किळस न वाटणं. आणि वेळोवेळी धम्माच्या गोष्टी सांगून रुग्णाचं मन उभं करणं. यात ईश्वर कुठेच नाही. तर्कटराव, तरीही हे तुमच्या अर्थाने सेक्युलर नाही. आमच्या बाजूला मेडिकल कॉलेजात कितीतरी मुली नर्स झाल्या, त्यांच्या पाठीशी हेही आहे आणि बाबासाहेबांनी दिलेलं शिक्षणही.

तर्कटराव

जेतवन, किळशीचा मुद्दा आवडला. बाकी सगळे ग्रंथ गप्प बसतात तिथे हा ग्रंथ थेट ओकारीवर येतो :)

हिशेबनीस

सगळं वाचलं. आता ‘लाभासाठी नाही’ या लक्षणाबद्दल बोलू. बायको एका खासगी नर्सिंग होममध्ये आहे (नाव घेत नाही). पगारवाढ मागितली की मालक डॉक्टर म्हणतात, “सिस्टर, तुमचं काम म्हणजे ईश्वरसेवा, पैशात मोजू नका.” स्वतःची व्हिजिट फी मात्र ते पैशातच मोजतात.

सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या आदेशावरून केंद्राने समिती नेमली होती. तिने शिफारस केली की ५० पेक्षा कमी खाटांच्या खासगी रुग्णालयातही नर्सला महिना किमान २०,००० रुपये मिळावेत. शिफारस झाली, अंमलबजावणी राज्यांवर सोडली, आणि बहुतेक ठिकाणी कागद तिथेच राहिला. मे २०२० मध्ये रुग्णालयांवर हेलिकॉप्टरमधून फुलं टाकली गेली. त्याच सुमारास घरमालक नर्सेसना खोल्या सोडायला सांगत होते. देवी म्हटलं की भाडेकरार करावा लागत नाही बहुतेक.

रातपाळी

हिशेबनीस, हेच आमच्या दुसऱ्या मॅडम म्हणत होत्या. भर घालते. नर्सिंग कौन्सिलच्या निकषाप्रमाणे शिकवणाऱ्या रुग्णालयाच्या वॉर्डात तीन रुग्णांमागे एक नर्स हवी. मी काम केलं त्या वॉर्डांत रात्री सगळ्या वॉर्डाला मिळून एक असायची, फार तर दोन. तिथे जमिनीवरचे पेशंट धरले तर गणितच नको. अशा वेळी ‘प्रेमाने करा’ असं वरून सांगितलं जातं. प्रेम असतंच हो, पण एका वेळी दोन कॅथेटर बदलता येत नाहीत.

परळकर

‘लाभासाठी नाही’ यावर मुंबईच्या केईएम रुग्णालयाबद्दल लिहायला हवं. अरुणा शानबाग तिथल्याच नर्स. २७ नोव्हेंबर १९७३ ला त्यांच्यावर रुग्णालयातच हल्ला झाला, मेंदूला इजा झाली, आणि १८ मे २०१५ ला जाईपर्यंत त्या तिथेच होत्या. जवळपास ४२ वर्षं. नर्सेसच्या पिढ्या बदलल्या. ज्यांनी त्यांना चालता-बोलताना कधी पाहिलं नव्हतं अशा मुलींनी त्यांना भरवलं, कूस बदलली. इतक्या वर्षांत एकही बेडसोअर (पडून राहिल्याने होणारी जखम) झाला नाही. २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या इच्छामरणाची याचिका फेटाळली, तेव्हा या सेवेचं कौतुक केलं. निर्णय घेण्याच्या बाबतीत त्यांची खरी जवळची माणसं म्हणजे केईएमचा स्टाफ, असंही म्हटलं.

केईएम महापालिकेचं, १९२६ सालचं. मागे ना मिशन, ना मठ. अरुणांना दुसरीकडे हलवायचा प्रयत्न झाला तेव्हा नर्सेसनी विरोध करून तो हाणून पाडला. म्हणजे सेवा आणि आंदोलन त्याच हातांनी केलं. हिशेबनीस, मला वाटतं हे दोन्ही एकत्र राहू शकतं.

तर्कटराव

पण परळकर, ती काळजी होती की सोडून न देण्याचा हट्ट? त्यांना स्वतःला काय हवं होतं हे कुणालाच विचारता येत नव्हतं. याचिका करणाऱ्या पिंकी विराणी यांचंही म्हणणं दुष्टपणाचं नव्हतं.

परळकर

नव्हतंच. आणि त्याच निकालामुळे आपल्याकडे उपचार थांबवण्याचा मार्ग काही अटींवर पहिल्यांदा मोकळा झाला, हेही खरं. पण रोज सकाळी ज्यांनी तोंड धुतलं त्यांचं मत, आणि लांबून विचार करणाऱ्यांचं मत, यात मी पहिल्याला जास्त वजन देतो. तुम्ही देऊ नका, चालेल.

शबनम_रत्नागिरी

मी पण स्टाफ नर्स. आमच्याकडे आजाऱ्याची विचारपूस करायला जाणं हा दुसऱ्या मुसलमानाचा आपल्यावर असलेला हक्क मानतात, म्हणजे ते ऐच्छिक पुण्य नाही. आणि प्रेषितांच्या काळात मदिनेत रुफैदा बाईंचा तंबू होता जखमींसाठी, ते लहानपणी अम्मीने सांगितलेलं. मी नर्सिंगला गेले तेव्हा नात्यातल्या लोकांनी नाकं मुरडली, तेव्हा अब्बांनी हीच गोष्ट पुढे केली.

वॉर्डात आतापर्यंत दोन-तीनदा असं झालं की माझं नाव वाचून पेशंटच्या नातेवाइकांनी दुसरी सिस्टर मागितली. राग येतो. पण सलाईन संपत आलं की तेच हाक मारतात, “सिस्टर, बघा ना जरा.” मी बघते. मार्थाताईंसारखंच, माझं कारण माझ्यापाशी.

ओस्लोकर

नॉर्वेत वृद्धाश्रमात काम करते. इथलं सांगते, कारण हा वाद इथे जुना आहे. १८६८ साली काथिंका गुल्डबर्ग कैसर्सवर्थहूनच शिकून आल्या आणि इथे डिकोनेस संस्थेत नर्सिंगचं पहिलं शिक्षण सुरू झालं. खोली, जेवण, म्हातारपणी सांभाळ संस्थेकडे. पगार म्हणावा तसा नाहीच. पुढे कामगार चळवळ, सरकारी रुग्णालयं, संघटना आल्या, आणि डिकोनेस हा थट्टेचा विषय झाला.

कारी मार्टिन्सन नावाच्या नर्स-तत्त्वज्ञ १९७० च्या दशकात मार्क्सवादी बाजूने लिहायला लागल्या. नर्सिंग उगाच डॉक्टरीची नक्कल करतंय, मोजमापाच्या नादात माणूस सुटतोय, ही तक्रार. मग डिकोनेस बायकांचा इतिहास अभ्यासला आणि त्यांना वाटलं की यांच्याकडे काहीतरी होतं जे आपण टाकून दिलं. तिथून त्या डॅनिश विचारवंत ल्यॉगस्ट्रुपकडे वळल्या. त्याचं सांगणं साधारण असं: दुसऱ्या माणसाशी आपला संबंध येतो तेव्हा त्याच्या आयुष्याचा काही भाग आपल्या हातात आलेला असतो, आपण मागितला असो वा नसो. तो स्वतः धर्मशास्त्राचा प्राध्यापक, पण हे कळायला ख्रिस्ती असावं लागतं असं त्याने म्हटलं नाही. मला इथल्या आजोबांना आंघोळ घालताना हे पटतं. ते अंग माझ्या हातात देतात ते दुसरा इलाज नसतो म्हणून. (अवांतर: माझा पगार वेळेवर होतो, संघटनेची सभासद आहे, आणि त्याने माझी माया कमी झालेली नाही.)

हिशेबनीस

ओस्लोकर, कंसातलं वाक्य फ्रेम करून त्या डॉक्टरांना पाठवतो.

तर्कटराव

आता मदर तेरेसांचं नाव कुणीतरी काढणारच, तर मीच काढतो. १९९४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या संपादकांनी, रॉबिन फॉक्स यांनी, कोलकात्याचं त्यांचं मरणासन्न लोकांसाठीचं निर्मल हृदय पाहून लिहिलं होतं की तिथे कडक वेदनाशामकं दिली जात नाहीत. दुःखाला पवित्र मानलं की हे होतं.

शांतवन

पॅलिएटिव्हमध्ये, म्हणजे बऱ्या न होणाऱ्या आजारात त्रास कमी करायच्या विभागात, काम करते म्हणून उत्तर देते. टीका रास्त होती. पण त्यातून ‘श्रद्धा असली की वेदना कमी करत नाहीत’ असं निघत नाही. आधुनिक हॉस्पिसची (मरणासन्न रुग्णांच्या शुश्रूषागृहाची) सुरुवात करणाऱ्या सिसिली सॉन्डर्स कट्टर ख्रिस्ती. आधी नर्स, मग वैद्यकीय समाजसेविका, मग डॉक्टर झाल्या. १९६७ साली लंडनला सेंट ख्रिस्तोफर्स काढलं आणि मॉर्फिन दुखायला लागल्यावर नाही तर घड्याळ लावून, आधीच द्यायचं हा आग्रह त्यांचाच. शरीराचं, मनाचं, पैशाचं, देवाबद्दलचं, सगळं दुखणं एकत्र बघायचं हेही त्यांचंच.

आपल्याकडे मॉर्फिन मिळत नव्हतं ते दुःख पवित्र म्हणून नाही, तर १९८५ च्या अमली पदार्थांच्या कायद्यातल्या परवान्यांमुळे. तो २०१४ मध्ये सैल झाला. केरळात कोझिकोडला १९९३ पासून काम उभं राहिलं. तिथे घरोघर जाणारे स्वयंसेवक सगळ्या धर्मांचे आणि सगळ्या पक्षांचे. पेशंटला पाहिजे असेल तर नमाज, पाहिजे असेल तर रामायण, नको असेल तर काही नाही. गोळीची वेळ मात्र सगळ्यांना एकच.

रातपाळी

मंडळी, धागा वाया गेला नाही. त्या मुलीला मी काल सांगितलं की शपथेत दोन साक्षीदार आहेत, देव आणि सभा. तू पहिल्याच्या वेळी गप्प राहा, दुसऱ्याच्या वेळी मोठ्याने बोल. प्राचार्यांनाही ते चाललं.

माझं मत इतकंच. कुणी कशाच्या बळावर उभं राहतं हा तिचा प्रश्न, तो भरतीच्या वेळी कुणी विचारू नये आणि पगाराच्या वेळी तर नाहीच. कामाची तपासणी मी रुग्णाच्या पाठीवर करते. हँडओव्हर घेताना चादर वर करून माकडहाड, टाचा, खवाटे बघते. तिथे लाल दिसलं तर ती प्रार्थना करणारी होती की न करणारी याने फरक पडत नाही. आणि माया असूनही ज्ञान नसेल तर काय होतं तेही या पेशात पाहिलंय. आमच्या पिढीला बॅक केअर म्हणजे स्पिरिट लावून पाठ जोरात चोळणं असंच शिकवलं होतं. मन लावून चोळायचो आम्ही. आता कळलंय की लाल झालेल्या जागी चोळल्याने आतलं मांस आणखी दुखावतं. चरकांनी ज्ञान पहिलं लिहिलंय, आणि महावग्गातलं पहिलं लक्षण औषध तयार करता येणं, हे मला या धाग्यातून घ्यावंसं वाटलं.

एकुलता

विषयांतर आहे, पण विचारतो. आई पक्षाघाताने अंथरुणावर आहे. मी आणि बायको करतो. माकडहाडापाशी लाल झालंय. शेजारच्या काकू स्पिरिट लावून चोळा म्हणतात, आणि मेडिकलवाल्याने गोल रबरी रिंग दिलीय. काय करू?

रातपाळी

विषयांतर अजिबात नाही. चोळू नका आणि रिंगही वापरू नका, तिच्या कडांनी रक्तपुरवठा उलट अडतो. बोटाने लाल जागा दाबून सोडा. पांढरी पडून पुन्हा लाल होते का, की तशीच लाल राहते? ते लिहा. दर दोन तासांनी कूस बदला, रात्रीसुद्धा. पूर्ण आडव्या कुशीवर नको, पाठीमागे उशी देऊन थोडंसंच कलतं ठेवा. पोटऱ्यांखाली उशी द्या, टाचा अधांतरी राहिल्या पाहिजेत. सरकवताना ओढू नका, दोघांनी चादरीसकट उचला. शू झाली की लगेच कोरडं करा. अंडं, डाळ, दूध पोटात जाऊ दे.

एकुलता

दाबून पाहिलं. तशीच लाल राहते.

रातपाळी

मग ती बेडसोअरची पहिली पायरी आहे, कातडी फाटलेली नसली तरी. आजच डॉक्टरांना दाखवा आणि जवळच्या आरोग्य केंद्रातल्या सिस्टरना घरी बोलवा. तोवर त्या जागेवर अजिबात भार नको, म्हणजे उताणं झोपवणं बंद, फक्त डावं-उजवं. एअर बेड भाड्याने मिळतो, पण तो आणला तरी कूस बदलणं चुकत नाही. रात्रीचे दोन तास तुम्ही आणि बायको वाटून घ्या, एकट्याने ओढू नका. उद्या संध्याकाळी पुन्हा इथे लिहा.